मुंग्या

रास अल खैमात ऑगस्टच्या रात्री
हवा पिळून घ्यावी इतकी ओली.
चष्मा घामेजतो, कुलूप घामेजतं.
दुकानाचे मालक मुराद लारी बोट वर करून म्हणायचे,
रतूबत चढली, बघ आता, पलीकडचे येतील.
आणि यायचे.
समोरच्या किनाऱ्याचं टीव्ही केंद्र
पाण्यावरून घसरत घसरत आमच्या गच्च्यांवर,
ना व्हिसा, ना कफील.

मी एरियलवाला. गाव आजरा.
एकोणीस वर्षं ॲल्युमिनियमचे दांडे फिरवले.
वर मी, खाली कुणीतरी पडद्यासमोर :
आलं का?
आलं... आलं... गेलं.
जरा मागं घे. हां. आता हात काढू नकोस.
एवढी वाक्यं मला
मल्याळी, बलुची, अरबी, सगळ्यांत अस्खलित येतात.
इथल्या बोलीत 'आलं'ला म्हणतात 'या'.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
पक्कड हातात घेऊन मी जिना उतरून खाली गेलो होतो,
वाटलं, चहाला बोलावतायत.

बीबी सनोबरचं घर खाडीच्या टोकाला.
लिंगेहहून गलबतातून आलेली, तेराव्या वर्षी, नवरी म्हणून.
परत गेली नाही. का, ते मी विचारलं नाही.
ऑगस्टात तिच्या जुन्या सेटवर
पलीकडचा बातम्यावाला दिसायचा,
तोंडभर मुंग्या,
आणि मागच्या डोंगरावर आपटून उशिरा पोचलेली
त्याचीच दुसरी आकृती, बोटभर उजवीकडे.
मी म्हटलं, बूस्टर लावतो, सावली जाईल.
ती म्हणाली, राहू दे, एवढ्या लांबून आलाय,
एकटा कशाला.

मग डबे आले. रिमोट, कार्ड,
घामाचा मागमूस नसलेली चित्रं.
अँकरच्या नाकावरचा तीळ मोजून घ्यावा.
पलीकडच्यांनीही बदललं म्हणे.
त्या वर्षी रतूबत चढली, गच्च चढली,
आणि बीबीच्या नव्या पडद्यावर
एक डोळा गालावर सरकला,
हनुवटीचे चार चौकोन झाले,
निळं.
सिग्नल नाही.
जुनं जायचं ते कण्हत, खरखरत, दाराशी थांबत जायचं.
ह्याला उंबरठाच नाही.

नातू हुमैद शहाणा पोरगा. मोबाईल पुढे धरून म्हणाला,
आजी, हे बघ तुझं लिंगेह, आत्ताचं, एकदम स्वच्छ.
तिनं बघितलं. बंदर, खजूर तोलणारा माणूस, एक निळी होडी.
फोन परत दिला.
हे आलेलं नाही, म्हणाली,
हे आणलेलं आहे.

मुराद लारींनी जुने एरियल किलोवर विकायला काढले.
दिवसाला बारा-पंधरा उतरवायचो.
भंगारवाला तोलताना दांड्यांवरची पाखरांची शीट खरवडायचा,
वजनात धरली जाऊ नये म्हणून.
बीबीच्या गच्चीवर पोचलो तेव्हा रात्र होऊन गेलेली.
दांडे दवानं ठिबकत होते.
क्लँपचा एक नट गंजून बसलेला, तेल सोडून वाट बघत होतो,
तर खालून तिनं सांगून पाठवलं :
जुना सेट लावलाय. एकदा फिरव.

काही येणार नव्हतं. मला माहीत होतं.
हवेत तसलं काही उरलंच नव्हतं यायला.
तरी दांडा धरला.
वाऱ्याला पाठ, तोंड समुद्राकडे,
केसभर डावीकडे, केसभर मागं,
जसं एकोणीस वर्षं.
खिडकीतून मुंग्यांचा आवाज वर येत होता,
तव्यावर मीठ टाकल्यासारखा.
आलं का, मी विचारलं.
उत्तर नाही.
हुमैदही गप्प.
दूर एका ट्रॉलरचा दिवा वर-खाली होत होता.

मग खूप वेळानं, हळू, बीबीचा आवाज :
या.

तिला काही दिसलं, की मलाच खाली बोलावत होती,
कळलं नाही.
मी हात काढला नाही.